तीन उन्हाळ्यांचे पाणी

सोपानराव टाके सरांना मी प्रथम पाहिले तेव्हा ते मला शिक्षक वाटले नाहीत. परभणीहून अडीच तास एसटीत बसून मी या गावी उतरले होते. हातात नेमणुकीचा कागद, पत्र्याची ट्रंक आणि आईने भरून दिलेला फिरकीचा तांब्या. जून कोरडा चालला होता. शाळेच्या फाटकाशी पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडलेले, हात मातीने भरलेले एक गृहस्थ उभे होते. मी मुख्याध्यापकांची खोली विचारली. त्यांनी माझ्या तांब्याकडे बोट करून विचारले, "ह्यात पाणी हाय का?"

तहानले असतील असे समजून मी तांब्या पुढे केला. त्यांनी फिरकी उघडली, रस्ता ओलांडून समोरच्या उजाड गायरानात गेले आणि सगळे पाणी एका वीतभर रोपट्याला घातले. रिकामा तांब्या माझ्या हातात देत म्हणाले, "चिंच हाय. आजपासून तुमची."

तहान मला स्वतःला लागली होती. त्या वेळी मी जे बोलले ते या ग्रंथात छापण्यासारखे नाही. सरांनी ते पूर्ण ऐकून घेतले आणि मग खोली दाखवली. ते शाळेत विज्ञान शिकवतात हे मला आत गेल्यावर कळले.

सरांच्या पंचाहत्तरीनिमित्त हा गौरवग्रंथ काढणाऱ्या त्यांच्या माजी विद्यार्थ्यांनी माझ्याकडे लेख मागितला तेव्हा, "बाई, जरा गोड लिहा," असे बजावले. ते मला जमणार नाही. मी आयुष्यभर गणित शिकवले. जे घडले ते क्रमाने लिहिते.

शाळेसमोरचे ते गायरान म्हणजे मुरूम आणि बाभळी. ग्रामपंचायतीने ते बागेसाठी सोडले होते, पण बाग कोणी करायची हे सांगितले नव्हते. सरांनी ते अंगावर घेतले. विहीर नव्हती, नळ नव्हता. त्यांनी एक नियम केला: बागेत रिकाम्या हाताने यायचे नाही. लहान असो, मोठा असो, येताना घरून एक तांब्या पाणी आणायचे. एकदा तालुक्याचे साहेब पाहणीला आले, त्यांनाही सरांनी फाटकातून परत पाठवले. साहेबांनी समोरच्या हॉटेलातून एक जग भरून पाणी मागून आणले तेव्हा कुठे आत घेतले.

दुसरा नियम असा की, रोप लावले म्हणून ते कोणाचे होत नाही. पहिले तीन उन्हाळे ज्याने स्वतःच्या हाताने पाणी घातले, झाड त्याच्या नावाचे. त्यामुळे आमच्या बागेत झाडांची नुसती जातीची नावे कोणी घेत नसे. शकीलाचा करंज, रामकिशनचा जांभूळ, ज्ञानोबाचा लिंब. माझीही चिंच झाली. पहिला उन्हाळा मी केवळ हट्टाने पाणी घातले, कारण वर्गातली मुले माझ्याकडे पाहत होती. दुसरा सवयीने. तिसऱ्या उन्हाळ्यात माझ्या लक्षात आले की मे महिन्याच्या सुट्टीतही मी माहेरी गेलेली नाही. पुढे तिला चिंचा लागल्या तेव्हा दहावीच्या वर्गात कोणीतरी म्हणाले, "बाईंची चिंच हाय, आंबटच असनार." मी ऐकले. शिक्षा केली नाही. चिंच आंबटच होती.

सर मेंढपाळाच्या घरातले. घरात शाळेत जाणारे ते पहिले. त्यांचे थोरले भाऊ मारोतीदादा शेळ्या-मेंढ्या राखत. एका दुपारी दादांच्या पाच शेळ्या काटेरी कुंपणातून आत शिरल्या आणि नवी रोपे शेंड्यापासून खाऊन गेल्या. सरांनी त्या स्वतः हाकत नेऊन गावच्या कोंडवाड्यात घातल्या. दादा शाळेत आले. आम्ही सगळे शिक्षक मधल्या सुट्टीचा चहा घेत होतो.

"लय शिकलास म्हणून घरच्याच शेळ्या कोंडायलास का?"

"शेळ्या घरच्या हायेत दादा. पाला घरचा न्हाई."

"आन् ह्यांचं दूध पिऊन मोठा झालास त्ये?"

"म्हणूनच म्हणलं, आपल्या शेळ्यांनी आजवर जेवढी रोपं खाल्ली तेवढी तरी लावून मरावं."

दादा हसले नाहीत, पण चहा घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी कुंपणाला लावायला बाभळीच्या काटेरी फांद्यांचे फेसाटे त्यांनीच डोक्यावर आणून टाकले.

सरांच्या कामाची खरी बाजू मला उशिरा समजली. आमच्या भागातली कित्येक कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात आणि मुले बरोबर जातात. वर्ग अर्धा होतो. हजेरी घेताना मी ती नावे वाचायची आणि पुढे जायची. सर तसे पुढे जात नसत. ज्या मुलांचे जाणे ठरलेले असे, नेमकी त्यांनाच ते पावसाळ्यात झाड नेमून देत. गयाबाईंचा ज्ञानोबा तेव्हा सहावीत होता. बैलगाडी भरली, टोळीचा मुकादम घाई करू लागला, आणि ज्ञानोबा चाकाशी बसून राहिला. "माझा लिंब वाळंल," एवढेच म्हणे. शेवटी गयाबाई त्याला आजीजवळ ठेवून गेल्या. जाताना सरांना म्हणाल्या, "गुरुजी, लेकरू तुमच्या झाडापायी ठिवलंय. ध्यान ठिवा." सर त्याला दुपारी आपल्या डब्यातले जेवण देत. तो दहावी झाला. झाडामुळे मागे राहिलेली अशी मुले मला अजून नावांनी आठवतात.

माझ्यावर झालेला उपकारही नोंदवला पाहिजे. माझे पती गेले तेव्हा लोक भेटायला येत आणि समजुतीचे बोलत. मला ते सहन होत नसे. दहाव्या-अकराव्या दिवशी सर दारात आले. आत आले नाहीत, बसले नाहीत. माझाच फिरकीचा तांब्या ओट्यावरून उचलून भरला आणि माझ्यापुढे धरला. "बाई, चिंचेला पाणी घालायचं राहिलंय." मी उठले. त्या दिवसापासून संध्याकाळी पाच वाजता बागेत जाणे हा माझा नेम झाला. पाणी घालून झाले की सर, मी आणि आणखी एकदोघे चिंचेखालच्या दगडांवर बसत असू. गप्पा फार नसत. सर शेंगदाणे आणत आणि टरफले खिशात ठेवत. आज माझ्यापाशी पुष्कळ वेळ आहे आणि शेंगदाणे मोंढ्याच्या बाजारात मिळतात. तशी संध्याकाळ मात्र मला कुठे मिळालेली नाही.

आता त्या वादाकडे येते. तो वगळून सरांविषयी लिहिणे खोटेपणाचे होईल, आणि त्यात मी सरांच्या विरुद्ध बाजूला होते.

काही वर्षांपूर्वी एका संस्थेने गावात तरुणांसाठी व्यसनमुक्ती आणि पुनर्वसन केंद्र काढायची तयारी दाखवली. दारूच्या, नशेच्या गोळ्यांच्या नादी लागलेल्या मुलांना तिथे काही महिने ठेवायचे, सावरले की रोपवाटिकेचे आणि गवंडीकामाचे शिक्षण द्यायचे. जागा गावाने द्यायची. रस्त्यालगत, सार्वजनिक आणि एव्हाना बोअरचे पाणी असलेली जागा एकच होती: आमची बाग. संस्थेच्या नकाशात तिचा अर्धा भाग जात होता आणि सव्वीस झाडे पडत होती.

मी हरकतीचा अर्ज लिहिला. केंद्र हवे, पण बागेत नको, एवढे माझे म्हणणे होते. आजही ते चूक होते असे मला वाटत नाही. सह्या भराभर झाल्या. पहिल्या सहीची जागा मी सरांसाठी मोकळी ठेवली होती. त्यांनी अर्ज दोनदा वाचला.

"कागद चांगला लिहिलाय बाई. शुद्धलेखनाची एक चूक न्हाई."

"मग सही?"

"सही न्हाई करत."

"का?"

"ग्रामसभेत बघू."

मी म्हणाले, तुमचे वय झाले आहे, तुम्हाला आता भांडण नको आहे. त्यांनी अर्जाची घडी माझ्यापेक्षा नीट घातली आणि परत दिला.

ग्रामसभा शाळेच्या मैदानात भरली. इतकी गर्दी मी तिथे झेंडावंदनालाही पाहिली नाही. एक म्हातारे म्हणाले, "आताच बागेत बाटल्या सापडायल्यात, आता शिक्का मारूनच पेताडं बसवा." लोक हसले. मागून एक तरुण ओरडला, "तुमी सकाळी फिरायला बागेत जाताव. आमी कुठं जावं, बारमधी?" तेव्हाही हसले. सरपंचांनी मला बोलावले. मी अर्ज वाचला आणि त्यापाठोपाठ तुटणाऱ्या झाडांची यादी. यादीत मी झाडांची तीच नावे लिहिली होती जी आम्ही रोज घेत होतो. दुसऱ्या गावच्या माणसाने कडुनिंब इतके, करंज इतके असे लिहिले असते. मला ते सुचलेच नाही.

"शकीलाचा करंज. रामकिशनचा जांभूळ. ज्ञानोबाचा लिंब."

बायकांच्या बाजूने गयाबाई उठल्या. डोक्यावरचा पदर सारखा केला आणि मला म्हणाल्या, "बाई, जरा थांबा. ज्याच्या लिंबाला तुमी वाचवायलाव, त्यो ज्ञानोबा माझ्या घरी खाटंवर पडलाय. काल मला वळखलं न्हाई त्यानं. लिंबासाठी एवढी मानसं जमली. त्याच्यासाठी कोन आलं?"

ज्ञानोबा ट्रॅक्टरवर ड्रायव्हर झाल्याचे मला माहीत होते. दारू पितो हेही ऐकले होते, आणि हजेरी घेताना पुढे जायची तशी मी ते ऐकून पुढे गेले होते. यादीतली उरलेली नावे मला वाचता आली नाहीत. मी कागद हातात धरून उभी राहिले.

तेव्हा सर उठले. ते फार थोडे बोलले. "बाईंची यादी बरोबर हाय. एक बी नाव चुकीचं न्हाई. पण ही झाडं मी पोरांना दिली हुती. आता पोरांनाच जागा लागायलीय, तर मी कोन्या तोंडानं न्हाई म्हनू?" मग संस्थेच्या माणसाकडे वळून म्हणाले, "तुमचा नकाशा मात्र आळशी माणसानं काढलाय. सव्वीस झाडं पडायची काई गरज न्हाई. उद्या सकाळी फीत घेऊन या." आणि मला: "बाई, तुमी बी या. हिशेब तुमचा लागंल."

मी गेले. रागात होते, पण गेले. फितीचे एक टोक सरांच्या हातात, एक माझ्या. दुपारपर्यंत आम्ही ती इमारत कागदावर फिरवत होतो. पडणारी झाडे सव्वीसवरून चौदावर आली, चौदावरून आठवर. आठव्या झाडाशी सर थांबले. स्वयंपाकघराचा कोपरा चिंचेला खेटत होता. त्यांनी पाहिले, मीही पाहिले.

"आजून एकदा फिरवून बघू, बाई."

फिरवून पाहिले. चिंच वाचत होती. बदल्यात ज्ञानोबाचा लिंब आणि आणखी चार झाडे जात होती. गणित सोपे होते. मी म्हणाले, "चिंच लिहा." सरांनी लिहिली नाही. मी त्यांच्या हातून पेन्सिल घेतली, स्वतः लिहिले, फितीचे टोक जमिनीवर टाकले आणि घरी आले.

त्यानंतर चौदा महिने मी बागेत पाऊल टाकले नाही. चिंच मीच लिहिली होती आणि राग सरांवर धरला. ते रस्त्यात भेटले तर मी नमस्कार करून पुढे जाई. हा अन्याय होता, आणि ज्या मंडळींनी तो पाहिला त्यांच्यासमोरच तो कबूल करायचा म्हणून मी या ग्रंथात लिहायला होकार दिला.

सर मात्र केंद्र सुरू झाल्यापासून रोज तिथे जात होते. मुलांना रोपे बांधायला, कलमे करायला शिकवत. गुडघे दुखत होते, तरी येताना हातात तांब्या असेच, कारण नियम बोअर झाल्यावरही त्यांनी मोडला नव्हता. शेवटी गुडघ्यांनी ऐकले नाही. मुलगी सुनंदा त्यांना ऑपरेशनसाठी पुण्याला न्यायला आली. निघण्याच्या सकाळी ते माझ्या घरापर्यंत आले. काठीचा आवाज मी ओळखला. मी स्वयंपाकघरात होते.

बाहेरून म्हणाले, "बाई, जातो."

मी आतून म्हणाले, "बरं."

बाहेर गेले नाही. थोडा वेळ काठीचा आवाज आला नाही, मग आला, आणि लांब गेला. चार पावलांवर उंबरठा होता. ती चार पावले मी का चालले नाही याचे उत्तर मला अजून सापडलेले नाही.

पुढे दोन महिन्यांनी गयाबाई मला बोलवायला आल्या. "ज्ञानोबानं बोलिवलंय, बाई. येताना तांब्या आना म्हणलाय." मी गेले. केंद्राच्या स्वयंपाकघराचा एक कोपरा तिरका आहे, तासून काढल्यासारखा. पाहुणे तो पाहून गवंड्याला हसतात. त्या कोपऱ्याच्या बाहेर माझ्या चिंचेचा तोडून उरलेला बुंधा होता, आणि बुंध्याच्या कडेने कोवळे फुटवे आले होते. ज्ञानोबा तिथे उकिडवा बसला होता. वाळला होता, पण त्याने मला ओळखले.

"गवंडी बुंधा खनायलता, बाई. सरांनी खनू दिला न्हाई. भिंत तिरकी झाली तर होऊ दे म्हणले. जाताना मला सांगून गेले, बाई येईपर्यंत पानी तू घाल. आल्या की तांब्या त्यांच्या हातात."

मी पाणी घातले. नंतर दगडावर बसायला गेले तर दगड तिथेच होते.

ज्ञानोबाविषयी सारे सुरळीत झाले असे लिहिणार नाही. तो केंद्रातून बाहेर पडला, पुन्हा घसरला, पुन्हा आला. आज बरा आहे आणि तिथेच रोपवाटिका सांभाळतो. काही मुले बरी झाली, काही आली तशी गेली. आठ झाडे गेली ती गेलीच. शकीलाचा करंज त्यात होता. सरांनी निरोप पाठवला तेव्हा ती सासरहून तो पडण्याआधी बघायला आली होती. बाग आता पूर्वीची अर्धी आहे आणि सकाळी तिथे मुलांचा गलका असतो. मला पूर्वीची शांतता आवडायची. तरी पाच वाजले की मी जाते.

सर आता पुण्यात, सुनंदाच्या घरी, सातव्या मजल्यावर असतात. दर रविवारी फोन करतात. पाऊस, बोअर, मारोतीदादांची तब्येत, एवढे विचारतात. त्या सकाळबद्दल त्यांनी कधी विचारले नाही आणि मीही बोलले नाही. फोन ठेवताना ते "बरं बाई" म्हणतात, आणि प्रत्येक वेळी मला माझा तो शब्द ऐकू येतो. दोन्ही गुडघे आता चांगले आहेत, काठी सुटली आहे, असे सुनंदा सांगते.

हा लेख लिहिण्याआधी मी बागेत एक मोजणी केली. उभ्या असलेल्या प्रत्येक झाडाला कोणाचे तरी नाव आहे. सोपानरावांच्या नावाचे झाड एकही नाही. लावली सगळी त्यांनी, पण प्रत्येक रोपाला पाणी घालायला ते दुसऱ्याला उभे करत राहिले. स्वतःच्या हाताने तीन उन्हाळे त्यांनी एकाही झाडाला दिले नाहीत. इतक्या वर्षांत हे माझ्या ध्यानात आले नाही आणि दुसऱ्या कोणाच्याही नाही.

बुंध्याच्या फुटव्यांतला एक मी राखला आहे, बाकीचे काढले. तो आता माझ्या खांद्याला लागतो. त्याला मी अजून नाव दिलेले नाही.

तर सर, पंचाहत्तरीच्या शुभेच्छा मी अशा देते. या उन्हाळ्यात या. पुण्याची गाडी देवगाव फाट्यावर सोडते. ज्ञानोबा मोटारसायकल घेऊन तिथे थांबेल, आणि तो वेळेवर येईल याची हमी मी घेते. पुढच्या उन्हाळ्यात या आणि त्याच्या पुढच्या उन्हाळ्यातही. नियम तुमचाच आहे, तो मी तुमच्यासाठी सैल करणार नाही. तीन उन्हाळे झाले की हा फुटवा सोपानरावांची चिंच होईल. मग शेजारी दुसरे रोप लावू आणि पुन्हा तीन मोजायला घेऊ. जागा अजून पुष्कळ आहे. प्रकृतीला जपा, जिने सावकाश उतरा, आणि येताना रिकाम्या हाताने येऊ नका.

या वेळी मी फाटकाशी उभी असेन.